रिसेप्शनवर कुणी खेकसलं तर: आधी काम करून घ्या, मग तक्रार करा

"बसा तिकडे, बोलावू." "दिसत नाही का, फोनवर बोलतेय." "सांगितलं ना एकदा, आज नंबर नाही." दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाला ही वाक्यं पाठ असतात. त्यावर आपण करतो काय? एक तर निमूट खुर्चीत जाऊन बसतो आणि घरी आल्यावर चरफडतो, नाहीतर तिथेच आवाज चढवतो. पहिल्यात काम अडतं. दुसऱ्यात काम अडतंच, वर जो पेशंट आपण घेऊन गेलेलो असतो त्याचंच बीपी वाढतं. घरातल्या आजारपणांमुळे दवाखान्यांचे काउंटर मला चांगलेच ओळखीचे झाले आहेत. तिथे काय लागू पडतं आणि काय नाही, ते सविस्तर लिहिते.

आधी एक फरक पक्का करा

रिसेप्शनवर होणारा त्रास दोन प्रकारचा असतो आणि आपण दोन्हीला सरसकट "उर्मटपणा" म्हणून मोकळे होतो. एक त्रास बोलण्याचा: वर न बघता उत्तर देणं, वसकन अंगावर येणं, म्हाताऱ्या माणसाला "आजोबा, ऐकू येत नाही का" म्हणणं. दुसरा त्रास अडवणुकीचा: पेशंट अत्यवस्थ असताना डिपॉझिटसाठी दारात थांबवणं, रिपोर्ट किंवा फाइल द्यायला टाळाटाळ करणं, योजनेचा पेशंट आहे म्हणून "बेड नाही" सांगणं, दुखणं काय आहे ते चारचौघांत मोठ्याने विचारणं.

दोन्हींतला फरक ओळखायला स्वतःला एकच प्रश्न विचारा. मी हे आत्ता ऐकून घेतलं तर माझा उपचार, माझे पैसे, माझे कागद किंवा माझी खासगी गोष्ट, यांतलं काही जातंय का? जात नसेल तर तो बोलण्याचा प्रश्न आहे. तो त्या क्षणी एका वाक्यात मिटवायचा आणि पुढे जायचं. जात असेल तर ती अडवणूक आहे, मग समोरचं माणूस कितीही गोड बोलत असो. गोड बोलून अडवणारे जास्त धोक्याचे, असं माझं स्पष्ट मत आहे. खेकसणाऱ्याशी आपण निदान भांडतो. "काका, तुम्ही निवांत बसा, मी बघते हं" म्हणणारीच्या भरवशावर तास निघून जातो.

काउंटरच्या पलीकडे काय चाललेलं असतं

कुठल्याही गावातली संध्याकाळची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. पाटीवर वेळ सहा ते नऊ. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलातलं ऑपरेशन उरकून येतात पावणेसातला. काउंटरवर एकच मुलगी. तिच्यासमोर लांबडी वही, वहीत नंबर, काही नावांपुढे फुली, काहींपुढे "फोन". कान आणि खांद्याच्या मधे मोबाइल, एका हाताने जुनी फाइल शोधणं चालू, आणि कुणीतरी आपला फोन तिच्या नाकासमोर धरून "पैसे गेले बघा" म्हणतंय. ते खरंच आले का हे तिला सांगता येत नाही, कारण मेसेज जातो डॉक्टरांच्या फोनवर. तेवढ्यात औषध कंपन्यांचे बॅगवाले प्रतिनिधी, म्हणजे एमआर, येऊन भिंतीला टेकतात. आतून बेल वाजते. उशीर डॉक्टरांनी केलेला असतो, त्याचा जाब मात्र हिला द्यावा लागतो.

म्हणून तिने कसंही बोलावं असं नाही. पण एक व्यवहाराची गोष्ट यातून कळते. वहीतला क्रम, फाइल काढणं, आत निरोप देणं, अधलीमधली वेळ शोधून देणं, हे तिच्या हातात आहे. डॉक्टर कधी येणार, फी कमी होणार का, विमा कंपनीची मंजुरी कधी येणार, हे तिच्या हातात नाही. बहुतेक खटके उडतात ते तिच्या हातात नसलेल्या गोष्टीचं उत्तर मागितल्याने. "अजून किती वेळ लागेल?" हा प्रश्न दिवसभर तिच्या डोक्यात हातोड्यासारखा पडत असतो आणि त्याचं खरं उत्तर तिला कधीच माहीत नसतं. त्याऐवजी "आत आत्ता कितवा नंबर आहे?" असं विचारा. हे तिला माहीत असतं, आणि उरलेला हिशेब आपल्याला करता येतो.

घरून निघण्यापूर्वी

निम्मे वाद फोनवरच टळतात. ओपीडी उघडण्याच्या वेळी फोन करू नका. त्या वेळी लागला तरी उत्तर तुटकच मिळतं. दुपारी किंवा ओपीडी संपता संपता करा. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: डॉक्टर आज नक्की आहेत ना, नंबर फोनवर लागतो की येऊन लावावा लागतो, फक्त रिपोर्ट दाखवायचा असेल तर वेगळी वेळ आहे का आणि त्याची फी लागते का, पैसे रोख की ऑनलाइन. शेवटी "मी कुणाशी बोलतोय?" हे विचारा आणि नाव लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी "आम्ही असं सांगितलंच नाही" झालं, तर "काल दुपारी अमुक ताईंनी सांगितलं होतं" हे वाक्य शांतपणे म्हणता येतं.

"फक्त रिपोर्ट दाखवायचाय, दोन मिनिटं" या वाक्यावर तर रांगेतलेही उसळतात. ते काही अंशी बरोबरच आहे, कारण ती दोन मिनिटं कधीच दोन नसतात.

फाइलमध्ये शेवटचं प्रिस्क्रिप्शन सगळ्यात वर ठेवा, त्याखाली ताजे रिपोर्ट. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. मोठ्या सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर केस पेपरच्या रांगेवर एक उतारा आहे: बऱ्याच ठिकाणी आभा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) खात्यावरून क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळतं. घरातल्या तरुण पोराकडून ॲप आदल्या रात्रीच टाकून घ्या. खिडकीपुढे उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात शहाणपणा नाही.

आणि एक: १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे शुल्क असतं. आपण जातोय ते रुग्णालय कुठल्या खात्याचं हे माहीत असलं की खिडकीवर उगाच हुज्जत होत नाही, आणि नको तिथे पैसेही दिले जात नाहीत.

काउंटरवरचं पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात तीनच गोष्टी असाव्यात: नाव, वेळ किंवा नंबर, आणि काय हवंय. आजाराचा इतिहास डॉक्टरांसाठी ठेवा. संबोधन "ताई", "मॅडम", "दादा", जे तोंडात बसेल ते. पण "तुम्ही" हवंच. समोर विशीतली मुलगी दिसली की आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ थेट "अगं ए" वर येतात आणि मग तिने उलट उत्तर दिलं की चकित होतात. आईला घेऊन आलेला मुलगा आणि काउंटरवरची मुलगी, यांचा एक नमुना देते.

"ताई, पाटील नावाने साडेसहाची अपॉइंटमेंट आहे. जुनी फाइल आहे, हा तिचा नंबर."

"बसा, बोलावू."

"हो, बसतो. आत कितवा नंबर चालू आहे?"

"अहो बसा ना तुम्ही! सारखं काय विचारता?"

"बसतो. आईंना पाठीमुळे फार वेळ बसवत नाही, एवढं डॉक्टरांना सांगाल का? मी खाली गाडीत थांबवतो त्यांना. नंबर जवळ आला की मला एक मिस कॉल द्या, हा माझा नंबर."

इथे मुलगा चिडला नाही आणि दबलाही नाही. "सारखं" या शब्दाचा हिशेब मागण्यात वेळ घालवला नाही. तिच्या हातात असलेल्या दोन गोष्टी मागितल्या: आत निरोप आणि एक मिस कॉल. अशी नेमकी, छोटी मागणी फेटाळणं रागावलेल्या माणसालाही जड जातं. मिस कॉल आला नाही तर? म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी एक फेरी मारायचीच. काउंटरवर टेकून उभं राहू नका, विचारून मागे या.

आवाज चढला तर

समोरचा आवाज वर गेला की आपला खाली आणा. पुढची वाक्यं मी याच क्रमाने वापरते, आणि बहुधा दुसऱ्याच्या पुढे जावं लागत नाही.

पहिलं: "मी तुमच्याशी नीट बोलतेय, तुम्हीही नीट बोला. मला एवढंच हवंय..." आणि लगेच मूळ काम पुन्हा सांगायचं. वाक्य कामावरच संपलं पाहिजे, अपमानावर संपवलं की गाडी तिथेच रुतते.

दुसरं: "हे तुमच्या हातात नसेल तर कुणाशी बोलू, तेवढं सांगा." हे वाक्य फार उपयोगी. त्यात धमकी नाही, तिला सुटकेची वाट आहे, आणि तुम्हाला वरचा माणूस कळतो.

तिसरं: "तुमचं नाव काय? डॉक्टरांना सांगताना चूक नको व्हायला." हे शेवटी. नाव विचारलं की ते धमकीसारखंच ऐकू येतं, त्यामुळे उगाच सुरुवातीला वापरून वाया घालवू नका. नाव नाहीच सांगितलं तर वेळ आणि काउंटर क्रमांक टिपून घ्या, ड्यूटी कुणाची होती ते त्यांच्याकडे असतंच.

काय बोलू नये याचीही यादी हवी. "मी कोण आहे माहितीये का?", "आमच्या पैशावर पगार घेता", "नगरसेवकांना फोन लावू?" या तिन्ही वाक्यांनी आजवर कुणाचा नंबर लवकर लागल्याचं मी पाहिलेलं नाही. मोबाइल काढून व्हिडिओ सुरू करणंही टाळा: फ्रेममध्ये इतर पेशंट येतात, त्यांची परवानगी तुम्ही घेतलेली नसते, आणि तक्रार बाजूला राहून वाद त्या व्हिडिओवरच सुरू होतो.

सोबत आलेल्यांत एक तरी तापट असतो. मेहुणा, पुतण्या, कुणीतरी. त्याला गाडी लावायला, औषधं आणायला, चहा सांगायला पाठवा. हे मी गमतीत सांगत नाहीये. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मालमत्तेची मोडतोड केली तर किमतीच्या दुप्पट भरपाई. काउंटरची काच एका बुक्कीने तडकली की मूळ तक्रार कितीही खरी असली तरी तिचं काय होतं ते सांगायला नको.

दुखणं चारचौघांत विचारलं तर

"काय प्रॉब्लेम आहे? पाळीचा का?" भरलेल्या वेटिंगमध्ये, मोठ्याने. पुरुषांनाही हा अनुभव येतोच, फक्त ते सांगत नाहीत. काही दवाखान्यांत आजार विचारायचं कारण असतं: तातडीचं आहे का, कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे ठरवायचं असतं. पण त्यासाठी सगळ्या खोलीला ऐकू जायची गरज नसते. घरूनच चिठ्ठी लिहून न्या. काउंटरवर चिठ्ठी पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "इथे लिहिलंय, मोठ्याने वाचू नका." तरीही विचारलं तर "ते मी डॉक्टरांनाच सांगेन" एवढं उत्तर पुरतं.

हा नुसता शिष्टाचाराचा मुद्दा नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आणि त्याला सन्मानाने वागवणं हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठवलेल्या रुग्ण हक्क सनदेत आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७चा स्वतंत्र कायदाच आहे. कुणाची एचआयव्ही स्थिती संमतीशिवाय उघड करणं त्यात मना आहे. फाइलवर लाल शाईने काही लिहून ती काउंटरवर उघडी पडलेली दिसली, तर ते बोलण्याच्या खात्यात टाकू नका. ती लेखी तक्रारीची गोष्ट आहे.

अडवणूक होते तेव्हा

इथे गोडीगुलाबीचे नियम बदलतात. आवाज तरीही खालीच ठेवायचा, पण मागणी कामाची न राहता हक्काची होते.

अत्यवस्थ पेशंट आणि डिपॉझिट. सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. पोलिसांचे किंवा इतर सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. काउंटरवर निकालाचं नाव घेत बसू नका. म्हणा, "पैशांचं मी बघतो, आधी पेशंटला ड्यूटी डॉक्टर बघू देत. त्यांना बोलवा." रिसेप्शनिस्टशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टर समोर आणणं महत्त्वाचं, कारण पेशंट अत्यवस्थ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार तिचा नाहीच. खुर्चीवरून उठून सरळ कॅज्युअल्टीच्या दारात जा, सिस्टरला सांगा. बाहेर दुसरा नातेवाईक कागद भरेल.

अपघातातल्या अनोळखी माणसाला तुम्ही घेऊन गेला असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ खाली तुम्हाला संरक्षण आहे. स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही.

धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्रातली अनेक नावाजलेली, काचेच्या दारांची रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना यांप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तातडीच्या पेशंटला दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, हेही त्याच योजनेत आहे. "खाटा भरल्यात" असं काउंटरवर ऐकू आलं की तिथेच थांबू नका. वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा. ही योजना त्यांच्या टेबलावरून चालते. तिथेही नन्नाचा पाढा असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी द्या.

जन आरोग्य योजना. महात्मा जोतीराव फुले योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं स्वतंत्र टेबल असतं. रिसेप्शनने "ती योजना इथे चालत नाही" म्हटलं, तरी आधी आरोग्यमित्र शोधा, आणि सापडत नसेल तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा. फोन स्पीकरवर ठेवून काउंटरसमोरच बोला. वातावरणात लगेच फरक पडतो.

डिस्चार्ज आणि कॅशलेस. "टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) आलं नाही, बसा" हे वाक्य सकाळी ऐकायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, ही जुनी रीत. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे दाखल होताना कॅशलेसचा निर्णय विमा कंपनीने एका तासात द्यायचा आहे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची मागणी पोहोचल्यापासून तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापोटी जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. त्यामुळे काउंटरवर विचारायचं ते हे: "अंतिम बिल तुम्ही कंपनीला किती वाजता पाठवलं?" बऱ्याचदा कळतं की ते अजून पाठवलेलंच नाही. पाठवलं असेल तर काउंटर सोडा आणि थेट विमा कंपनीला फोन करा.

कागदपत्रं. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली की ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांत आहे. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज, एक प्रत त्यांना, दुसरीवर "मिळाला" म्हणून सही-शिक्का. घड्याळ त्या सहीपासून सुरू होतं. झेरॉक्सचा खर्च ते घेऊ शकतात, आणि तो देऊन टाकावा.

बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवणं हे तर सरळ नियमांविरुद्ध आहे. अशा वेळी काउंटरशी बोलण्यात एक मिनिटही घालवू नका, पोलिसांना फोन करा.

वर कुणाकडे जायचं

दवाखान्याच्या आकारावर हे ठरतं.

एका डॉक्टरचा, खाटा नसलेला दवाखाना असेल तर वरचा माणूस एकच, तो डॉक्टर. आणि त्याला बहुधा बाहेर काय चालतं याची कल्पना नसते, कारण तो आला की बाहेरचे सगळे सुतासारखे सरळ होतात. तपासणी पूर्ण होऊ द्या, औषधं समजून घ्या, आणि उठताना सांगा: "डॉक्टर, एक सांगायचंय. मंगळवारी फोनवर नंबर दिला होता, आज तो नाही म्हणून सांगितलं आणि विचारलं तर ओरडून बोलल्या. आईंना परत जावं लागलं असतं." एवढंच. "तुमचा स्टाफ फार उद्धट आहे" असं म्हटलं की डॉक्टर हसून "सांगतो मी त्यांना" म्हणतात आणि पुढची बेल वाजवतात. घडलेली गोष्ट, वार आणि परिणाम सांगितला तर विषय झटकणं अवघड जातं. दार लोटलेलं आहे ना, तेवढं बघा. तिच्या देखत सांगितलंत तर पुढच्या खेपेला तुमची फाइल कपाटाच्या तळाशीच सापडेल.

मोठ्या खासगी रुग्णालयात पीआरओ (जनसंपर्क अधिकारी), बिलिंगचा मॅनेजर, रात्री असाल तर ड्यूटी मॅनेजर, आणि त्यांच्यावर वैद्यकीय अधीक्षक. पीआरओ पाणी देतो, माफी मागतो आणि कागदावर काहीच घेत नाही. पाणी प्या, पण लेखी द्या. सरकारी रुग्णालयात अधीक्षक किंवा निवासी वैद्यकीय अधिकारी. सकाळी राउंड संपल्यावर भेटतात. त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, आणि "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय आहेच.

नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांवर देखरेख महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाची असते आणि हद्दीबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्ण हक्क सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं, तसंच तक्रार कक्षाचा टोल फ्री क्रमांक लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी वेटिंगमध्ये बसलात की भिंती वाचा. तक्ता कुंडीमागे किंवा कॅलेंडरखाली सापडला तर त्याचा फोटो काढून ठेवा. क्रमांक हाताशी राहतो, आणि तक्ता नसेल तर तुमच्या तक्रारीत एक मुद्दा वाढतो.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे धाव घेणारे बरेच असतात. ती परिषद डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी करते, रिसेप्शनवरच्या माणसाची नाही. ग्राहक आयोगातही नुसत्या तुसड्या बोलण्यावर काही हाती लागेल असं धरून चालू नका. सेवेतली त्रुटी आणि त्यामुळे झालेलं नुकसान दाखवावं लागतं. तसं असेल तर मात्र जरूर जा. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.

तक्रार लिहायची कशी

अर्ध्या पानाच्या पुढे जाऊ नका. विशेषणं गाळा. "अत्यंत हीन, अपमानास्पद व अमानुष वागणूक" असं लिहिलं की वाचणारा तिथेच ठरवतो, माणूस भांडखोर आहे. साधारण असं लिहा:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. दि. ____ रोजी सायं. ७.१० वा. मी माझ्या वडिलांना (ओपीडी क्र. ____) घेऊन तुमच्या रुग्णालयात आलो. काउंटर क्र. ३ वर केस पेपर दिला असता कर्मचाऱ्याने 'वय झालंय, आता कशाला आणता' असे शब्द वापरले. वडील ऐकत होते. त्यानंतर आमच्यामागून आलेल्या दोन रुग्णांना आधी आत सोडण्यात आले व आम्हास ८.४५ वा. बोलावण्यात आले. या वेळी रांगेत असलेले दोन रुग्ण साक्षीदार आहेत. माझी मागणी: (१) संबंधितांकडून लेखी खुलासा घ्यावा, (२) ज्येष्ठ रुग्णांसाठी बसण्याची व क्रमाची वेगळी सोय करावी. केलेली कारवाई मला लेखी कळवावी."

वापरलेले शब्द जसेच्या तसे अवतरणात, वेळ घड्याळाची, मागणी करता येण्याजोगी. "कामावरून काढून टाका" ही मागणी मी कधी करत नाही. मान्य होत नाही आणि झालीच तर दोन दिवसांत दुसरी, आणखी नवखी मुलगी तिथे बसते. वही तीच, फोन तोच, डॉक्टर पावणेसातलाच. रांगेची पद्धत, जादा माणूस, टोकनचा बोर्ड, असं काही मागा.

ईमेलने पाठवलीत तर तारखेचा पुरावा आपोआप राहतो. हाती दिलीत तर पोच घ्या. रुग्ण हक्क सनदेप्रमाणे तक्रारीचा निकाल १५ दिवसांत लेखी मिळायला हवा, त्यामुळे सोळाव्या दिवशी पहिल्या तक्रारीची प्रत जोडून देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते. घरी पोचल्यावर लगेच लिहा. रात्री झोपून उठलं की नेमके शब्द निसटतात आणि फक्त राग उरतो.

गूगलवर रिव्ह्यू लिहायचा तर घडलं तेवढंच लिहा, कर्मचाऱ्याचं नाव आणि आपल्या पेशंटचा आजार लिहू नका. रुग्णालयं रिव्ह्यू वाचतात, बरेचदा पीआरओचा फोनही येतो. तो आला की "लेखी तक्रार दिलेली आहे, तिचं उत्तर द्या" एवढंच म्हणा.

दवाखाना बदलायचा का

डॉक्टर चांगला आणि रिसेप्शन वाईट, ही जोडी इतकी सर्रास दिसते की बहुतेकजण ती मुकाट पत्करतात. वर्षातून एकदा जायचं असेल तर मीही पत्करीन. पण डायलिसिस, केमो, गरोदरपण, मधुमेह यांसाठी जिथे पुन्हा पुन्हा जायचं आहे आणि जिथे आई "नको, ती बाई ओरडते" म्हणून फॉलो-अप टाळायला लागली आहे, तिथे बदल करावा. मात्र चिडून एका दिवसात नको. आधी सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी-एमआरआयच्या सीडी अर्ज देऊन ताब्यात घ्या. सध्याच्या डॉक्टरांकडून चालू उपचारांचं पत्र मागा, कारण काय म्हणून विचारलं तर खरं सांगा. आणि नव्या ठिकाणी पहिली अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी पेशंटशिवाय नुसते जाऊन वेटिंगमध्ये थोडा वेळ बसा, काउंटरवर कोण कसं बोलतंय ते कानावर येतंच.